खाडीवरचा दर्यावर्दी उत्सव : किल्ला, ढोल आणि फटाक्यांपलीकडे काय करता येईल?

खाडीकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. देवगड तालुक्यातल्या खाडीकाठच्या आमच्या गावात येत्या हिवाळ्यात दोन दिवसांचा कार्यक्रम करायचं चाललंय. २०२५ च्या जुलैत मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले. त्यात खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे चार पाण्यातले किंवा पाण्याकाठचे. तेव्हापासून किनाऱ्यावरच्या प्रत्येक मंडळाला आपणही काहीतरी करावं असं वाटू लागलंय. आम्हालाही वाटलं.

बैठकीत जमलेली यादी अशी : शिवकालीन शस्त्रांचं प्रदर्शन, ढोल-ताशा, किल्ल्याची प्रतिकृती, कोळीनृत्य, मालवणी जेवणाचे स्टॉल, एक व्याख्यान, शेवटी फटाके. यात वाईट काही नाही. पण हाच कार्यक्रम उचलून साताऱ्यात किंवा नागपुरात नेला तर त्यातलं काहीही बदलावं लागणार नाही, हे माझं दुखणं आहे. समुद्र कुठे आहे यात?

आमच्या बंदरातून गलबतं आंबा आणि सुकी मासळी घेऊन मुंबईला जायची, दक्षिणेकडून येताना मंगळुरी कौलं आणि लाकूड आणायची. गावातली निम्मी जुनी घरं त्या कौलांखाली उभी आहेत. हे सांगणारी माणसं आता बोटांवर मोजण्याइतकी उरली. तेव्हा तीन गोष्टींवर मतं हवीत : तारीख कोणती धरावी, किल्ल्यांपलीकडे काय दाखवावं, आणि होड्यांची मिरवणूक काढायची तर काय काळजी घ्यावी.

भांगउधाण

तारीख पाहुण्यांका विचारून ठरवतास की पंचांग बघून? पयलो प्रश्न तोच आसा. आमच्या हय एका वर्सा पाहुण्यांच्या सोयीन दुपारी बाराक मिरवणूक ठेवली. दिवस अष्टमीचो. बाराक पुरी सुकती, म्हणजे ओहोटी. होड्ये चिखलात बसले नि पाहुणे चिखलाकडे बघत भाषणा करीत रवले.

हिशेब सोपो आसा. तिथीची पाऊणपट करा, भरतीची येळ मिळता. अष्टमीक सा वाजता भरती, म्हणजे बाराक सुकती. पुनवेक-अवशेक दुपारी बाराच्या सुमाराक भरपूर पाणी, पण ता उधाण. ओढ जास्त, नवख्या माणसाक होडयेत बसवचो दिवस नाय तो. पंचमी-षष्ठी बघा. दुपारी चार-साडेचाराक भरती, पाणी बेताचा, आणि परत येताना उजेड गावता. बाकी भाषणा कधी पण करा.

तिथीवाला

वरच्या प्रतिसादाला दाद. तारखांचं म्हणाल तर प्रत्येक तारखेला आधीच एक धनी आहे. ४ डिसेंबरचा नौदल दिन १९७१ च्या कराचीवरच्या हल्ल्याचा. २०२३ साली तो तारकर्लीला साजरा झाला म्हणून आपल्याकडे माहीत झाला. ५ एप्रिलचा राष्ट्रीय सागरी दिन ‘लॉयल्टी’ या सिंदिया कंपनीच्या जहाजाचा, जे १९१९ मध्ये मुंबईहून लंडनला निघालं होतं. २४ ऑक्टोबरला कल्याणकर दुर्गाडीवर आरमाराचं स्मरण करतात. राहिला सिंधुदुर्गाच्या पायाभरणीचा २५ नोव्हेंबर १६६४. ती तारीख जुन्या ज्युलियन कालगणनेची. तिथी मार्गशीर्ष वद्य द्वितीया. आजच्या कॅलेंडरप्रमाणे त्या वर्षी ती डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पडते.

माझं म्हणणं, यातली एकही घेऊ नका. तुमच्या बंदराचा स्वतःचा दिवस असेल तर तो धरा. ग्रामदेवतेच्या जत्रेच्या आगेमागे मुंबईचे चाकरमानी गावात असतात, म्हणजे म्हातारी माणसं आणि त्यांची नातवंडं एकाच वेळी सापडतात.

वीरगळ

व्याख्यान एकच ठेवणार असाल तर ते १६५७ पासून सुरू करू नका, एवढी विनंती. आपल्याकडच्या सगळ्या कार्यक्रमांत कोकणचा समुद्र कल्याणला पहिली जहाजं बांधायला घेतली त्या दिवशी जन्मल्यासारखा सांगतात. त्याने महाराजांचं मोठेपण वाढत नाही. त्यांनी नेमकं काय ओळखलं होतं, तेच निसटतं.

नालासोपाऱ्यात अशोकाच्या लेखाचा तुकडा आणि स्तूप सापडला तो १८८२ साली, पंडित भगवानलाल इंद्रजींना. म्हणजे सम्राटाला आपला हुकूम कोरून ठेवावासा वाटावा इतकं ते बंदर गजबजलेलं होतं. कान्हेरीच्या लेण्यांत देणगीदारांची नावं वाचा : कल्याणचे, सोपाऱ्याचे, चौलचे व्यापारी. डोंगरातली लेणी समुद्राच्या पैशावर खोदली गेली. चौलला पंधराव्या शतकात रशियातून अफनासी निकितीन उतरला. त्याचं स्मारक आज रेवदंड्याला आहे आणि अलिबागला जाणारे पर्यटक त्याच्या शेजारून आइस्क्रीम खात जातात. १५०८ मध्ये चौलच्याच पाण्यात इजिप्त आणि गुजरातच्या आरमारांनी पोर्तुगीजांना हरवलं, व्हाइसरॉयचा मुलगा तिथे मारला गेला.

मग पोर्तुगीजांनी काय केलं, तर समुद्रात फिरायला परवाना काढायला लावला. कार्ताझ. तो नसेल तर जहाज जप्त. आपल्याच किनाऱ्यासमोरून जायला दुसऱ्याचा कागद लागायचा. हे ऐकल्यावर आरमाराची गरज वेगळी समजवावी लागत नाही. पुढे कान्होजी आंग्र्यांनी तेच उलटवलं, स्वतःचे दस्तक द्यायला सुरुवात केली. इंग्रज त्यांना चाचा म्हणत राहिले, कारण परवान्याचे पैसे आता त्यांना भरायचे होते.

आणि तलवारींच्या प्रदर्शनाऐवजी एक करा. बोरिवलीजवळ एकसरला शिलाहारकाळाच्या आसपासचे वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांचे स्मृतिदगड, उभे आहेत. त्यांवर वल्ह्यांच्या जहाजांची आख्खी लढाई कोरलेली आहे. वल्ह्यांच्या रांगा मोजता येतात. माणसाच्या उंचीचे फोटो छापून ते लावा.

दुर्गवेडा

वीरगळ बघायला कोण थांबणार? तोफ ठेवा. गर्दी तोफेलाच होते.

वीरगळ

ठेवा की तोफ. फक्त तिच्याजवळ असा माणूस उभा करा, जो सांगेल की ही हलत्या गलबतावर कशी बसवायची आणि उडवल्यावर ती मागे येते तेव्हा माणसं कुठे उभी राहतात.

गिर्ये_गोदी

तोफेवरून आठवलं. शाळेतल्या मुलांकडून किल्ल्याची प्रतिकृती करून घेण्यापेक्षा गुराब आणि गलबत या जुन्या आरमारी जहाजांच्या प्रतिकृती करून घ्या. दोन्हींतला फरक हातांनी केल्याशिवाय कळत नाही. गुराब जड, दोन किंवा तीन डोलकाठ्यांची, तळ उथळ, पुढचं टोक निमुळतं आणि तोफांचं तोंड तिथूनच पुढे. गलबत हलकं, चाळीस-पन्नास वल्ह्यांचं. वारा पडला की गलबतं गुराबेला दोरखंड लावून ओढायची. लढाईत शत्रूच्या मोठ्या जहाजाच्या मागून यायचं, कारण त्याच्या तोफा दोन्ही बाजूंना असतात, मागे फारशा नाहीत. शिडांवर आणि डोलकाठ्यांवर मारा करून ते लंगडं करायचं, मग चहूबाजूंनी चढायचं. हे सगळं टेबलावर थर्माकोल आणि काडीने दाखवता येतं. सहावीतल्या मुलाला एकदा कळलं की तो घरी जाऊन आजोबांना समजावतो.

जवळच आहात तर एक सकाळ विजयदुर्गच्या आतल्या खाडीत गिर्येला मुलांना न्या. तिथे खडकात खोदलेली आरमारी गोदी आहे. ओहोटीला जा म्हणजे आकार दिसतो. किल्ल्याला लाखो लोक भेट देतात, पण ज्या खळग्यात जहाजं दुरुस्त व्हायची तो बघायला गुरं तेवढी जातात.

नाखव्याची_लेक

मी रायगडची, अलिबागच्या बाजूची. धागाकर्त्या दादांच्या यादीतला ‘कोळीनृत्य’ हा शब्द वाचला आणि लिहायला बसले.

किनाऱ्यावरच्या कार्यक्रमांत आम्ही दोनदा दिसतो. एकदा स्टेजवर नाचताना आणि एकदा स्टॉलवर तळताना. व्याख्यानाच्या खुर्चीत, समितीत, प्रदर्शनाच्या पाटीवर कुठेच नाही. एका ठिकाणी तर नाचणाऱ्या मुली शहरातल्या क्लासच्या होत्या आणि आमच्या बायका मागे जेवणाची भांडी घासत होत्या.

खांदेरीची गोष्ट घ्या. १६७९ मध्ये महाराजांनी बेटावर बांधकाम सुरू केलं. मुंबईच्या तोंडासमोर किल्ला उभा राहतोय म्हणून इंग्रजांनी जहाजांनी वाट अडवली, पुढे सिद्दीही आला. तरी दगड, चुना, धान्य रात्रीच्या अंधारात बेटावर पोचत राहिलं. कशातून? छोट्या होड्यांतून, ज्यांना उथळ पाणी आणि खडक पाठ होते. इंग्रजांची मोठी जहाजं त्यांच्या मागे जाऊच शकत नव्हती. मायनाक भंडारी आणि दौलतखान या आरमारी सरदारांची नावं आपण घेतो, घ्यायलाच हवीत. पण त्या होड्या वल्हवणारे कोण होते? त्यांचे वंशज आजही त्याच पाण्यात जाळी टाकतात आणि खांदेरीच्या वेताळाला नारळ देऊन येतात.

आमच्यात लाय पाटलांची गोष्ट सांगतात. जंजिऱ्याच्या तटाला रात्रीत शिड्या लावण्याचं धाडस त्यांनी केलं. मागून कुमक आली नाही म्हणून मोहीम फसली. महाराजांनी तरी पालखीचा मान दिला. लाय पाटील म्हणाले, आम्ही पाण्यातली माणसं, पालखीत बसून कुठे जाणार? तेव्हा महाराजांनी एक गलबत बांधवून त्याचंच नाव ‘पालखी’ ठेवलं आणि ते त्यांना दिलं. ही गोष्ट सांगायला नट नको. आमच्यातला कुठलाही म्हातारा तांडेल ती बसल्या जागी सांगतो, आणि सांगताना शिडी कशी बांधली तेही हाताने दाखवतो.

तुमच्याकडे गाबीत आहेत, रत्नागिरीकडे खारवी आणि दालदी आहेत, सगळे मच्छीमार समाज. त्यांना नाचायला बोलावण्याआधी समितीत घ्या.

दालदी_मोहल्ला

ताईंनी आमचं नाव घेतलं म्हणून आभार. आमच्याकडे मच्छीमारी करणारे मुसलमान पिढ्यान्‌पिढ्या आहेत, आणि आरमाराचा विषय निघाला की आम्ही दौलतखान आणि इब्राहिमखान यांची नावं ऐकून घरी येतो. बरं वाटतं, पण तेवढ्यावर भागवू नका. आमच्या घरांत जाळी विणायच्या सुया आहेत, पाण्यातल्या खडकांची नावं आहेत. कुठल्या खडकावर कुठलं तारू फुटलं, हे बायकांनाही माहीत असतं. खडकांच्या नावांचा एक मोठा नकाशा तयार करा, प्रत्येक वाडीतला माणूस बोलावून. सरकारी नकाशात नसलेली नावं त्यात येतील.

खाडीकाठ

खडकांचा नकाशा! हे आमच्या डोक्यात सात जन्मात आलं नसतं. घेतलं.

दुर्गवेडा

सगळं ठीक आहे, पण मालवणच्या राजकोटवरच्या शिवपुतळ्याचं काय झालं त्यावर कोणी बोलणार आहे का? डिसेंबर २०२३ मध्ये उभारला आणि ऑगस्ट २०२४ मध्ये पडला. आधी त्याचा हिशेब द्या, मग उत्सव करा.

संपादक मंडळ

पुतळ्यावर वेगळा धागा आहे. इथे पक्षांची नावं येऊ लागली तर प्रतिसाद उडवले जातील. दोन उडवले आहेत.

कासवगती

विजयदुर्गाला १८ ऑगस्टला हेलियम दिन होतो, त्यातून काही घेता येईल. १८६८ च्या ग्रहणात लॉकियर या इंग्रज शास्त्रज्ञ साहेबाने किल्ल्यावरून सूर्य बघितला आणि हेलियम सापडला. ‘साहेबाचे ओटे’ अजून आहेत. विज्ञान आणि किल्ला दोन्ही एकत्र.

तिथीवाला

ओटे आहेत, ग्रहणही झालं होतं. पण लॉकियर त्या दिवशी भारतात नव्हता. १८ ऑगस्ट १८६८ ला फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होता. लॉकियरने त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधून, ग्रहण नसताना, सूर्याच्या कडेच्या ज्वाळांचा वर्णपट पाहिला. ती पिवळी रेषा कुठल्याच ज्ञात मूलद्रव्याशी जुळेना, म्हणून नव्या मूलद्रव्याचं नाव पुढे आलं. पृथ्वीवर हेलियम हाती लागला तो १८९५ मध्ये, रॅम्झेच्या प्रयोगशाळेत.

लॉकियर विजयदुर्गाला आला हे मात्र खरं. तीस वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी. आणि तुमच्या विषयाला तीच गोष्ट जास्त जवळची आहे, कारण ‘मेलपोमेनी’ या युद्धनौकेचे खलाशी त्याच्या मदतीला होते. दुर्बिणी उतरवणं, तंबू ठोकणं, कोणी कुठल्या क्षणी काय करायचं याची कवायत, हे सगळं जहाजावरच्या माणसांनी केलं. त्याच ग्रहणासाठी पुण्याचे प्राध्यापक नेगमवाला जेऊरला आपली यंत्रं लावून बसले होते. आपल्या माणसाचं नाव कोणी घेत नाही आणि न आलेल्या साहेबाचा दिवस साजरा करतो.

कासवगती

त्या दिवशी आसपासच्या शाळांतली मुलं किल्ल्यावर येतात, शास्त्राबद्दल ऐकतात. साल इकडचं तिकडे झालं म्हणून त्यांचं काय बिघडलं?

तिथीवाला

त्यातलं एखादं मूल उद्या खगोलशास्त्र शिकायला जाईल आणि पहिल्याच पुस्तकात गुंटूर वाचेल. मग किल्ल्यावर ऐकलेलं बाकीचं सगळं, खरं असलेलंसुद्धा, त्याला थापच वाटेल.

कासवगती

मला नाही पटत. असो, आम्ही १८ ऑगस्टलाच जाणार.

बोटप्रवासी

सगळे शिवकाळात आणि ग्रहणात रमलेत. माझ्या पिढीचा समुद्र कुणाला आठवतोय का? भाऊच्या धक्क्यावर संध्याकाळपासून ट्रंका घेऊन बसलेली माणसं, बोटीवर जागा धरण्यासाठी पसरलेल्या वळकट्या, रात्रभर बोट लागून आडवे पडलेले काका. पहाटे जयगड, मग रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला. बहुतेक बंदरांत धक्का नव्हता. बोट बाहेर नांगरायची आणि माणसं उतरवून घ्यायला पडाव, म्हणजे छोट्या होड्या, यायचे. लाटेवर पडाव वर आला की खलाशी पोराला झेलायचा, आईला दंडाला धरून उतरवायचा, आणि मग ट्रंक. ऐंशीच्या दशकात ही सेवा बंद पडली. एसटी होतीच, पुढे रेल्वे आली, कोणी मागे वळून बघितलं नाही.

कोकणाच्या सागरी इतिहासात ही बोट नसेल तर तो अर्धाच इतिहास. गिरण्यांतला कामगार, मनीऑर्डर, गणपतीला घरी येणं, सगळं या बोटीने वाहिलं. प्रदर्शनात जुनी तिकिटं, ट्रंका, फोटो मागवा. घराघरांत माळ्यावर पडलेत.

आणि ‘रामदास’ विसरू नका. १७ जुलै १९४७. भाऊच्या धक्क्याहून रेवसला निघालेली बोट काशाच्या खडकाजवळ वादळात उलटली, सहाशेहून जास्त माणसं गेली. स्वातंत्र्य महिन्यावर आलं होतं, त्यामुळे ती बातमीही बुडाली. ज्यांचे प्राण वाचले त्यांतल्या बऱ्याच जणांना कोळ्यांच्या होड्यांनी बाहेर काढलं. उत्सवात दुःख कशाला, असं मंडळातलं कोणीतरी म्हणेलच. त्याला सांगा, समुद्राकाठच्या गावाच्या उत्सवात बुडालेल्यांसाठी पाच मिनिटं नसतील तर तो उत्सव पर्यटन खात्याला देऊन टाका.

नाखव्याची_लेक

बोटप्रवासी काका, माझ्या आजोबांनी त्या दिवशीचं सांगितलेलं मला अजून आठवतं. इथे नाही लिहीत. तुमचा मुद्दा शंभर टक्के बरोबर.

सुतारपक्षी

मी होड्या बांधणाऱ्या घरातला. आता फायबरचं काम करतो, कारण लाकडाची होडी मागायला कोणी येत नाही आणि सागाचा भाव विचारायची सोय राहिली नाही.

२०२५ च्या मे महिन्यात कारवारला ‘कौंडिण्य’ नावाचं शिवलेलं जहाज नौदलात दाखल झालं, अजिंठ्याच्या भित्तिचित्रावरून बांधलेलं. खिळा नाही, फळ्या काथ्याच्या दोरीने शिवलेल्या. टीव्हीवर सगळ्यांनी वाहवा केली. त्या कामाला केरळहून कारागीर आणावे लागले, यावर कोणी थांबून विचार केला नाही. आपल्या किनाऱ्यावर खिळ्यांनी होडी बांधणारे जे चार-दोन मिस्त्री उरलेत, त्यांच्यानंतर आपल्यालाही माणूस बाहेरून आणावा लागेल.

खाडीकाठ दादा, दोन दिवसांत होडी बांधून होणार नाही. पण दुरुस्ती दाखवता येते. एखादी जुनी लाकडी होडी किनाऱ्यावर ओढून घ्या. सांध्यात कापूस कसा ठासायचा, तळाला तेल कसं चोपडायचं, कुजलेली फळी काढून तिच्या बाकाप्रमाणे नवी कशी वळवायची, हे दिवसभर चालू राहू दे. बघणारे येतील-जातील, मध्ये हात घालतील. मिस्त्रीला मानधन द्या, शाल-श्रीफळावर बोळवण करू नका. आणि त्याच्या हाताखाली गावातली दोन पोरं कामाला बसवा.

बंदरकारकून

नोकरीत असताना अशा मिरवणुकांचे अर्ज हातावेगळे केलेत, म्हणून चार रुक्ष गोष्टी. मासेमारी नौकेला प्रवासी नेण्याची परवानगी नसते. मिरवणुकीत पाहुणे, पत्रकार, शाळेची मुलं मासेमारीच्या होडीत चढवली आणि काही झालं, तर जबाबदारी नाखव्यावर येते, मंडळावर नाही. माणसं बसवायची असतील तर परवाना असलेल्या प्रवासी बोटी घ्या, क्षमतेइतकीच माणसं घ्या आणि लाइफ जॅकेट घातल्याशिवाय कोणाला चढू देऊ नका, मंत्री असला तरी. डिसेंबर २०२४ मध्ये गेटवेहून घारापुरीला निघालेली बोट कशी बुडाली ते सगळ्यांनी पाहिलंय. मेरीटाईम बोर्ड, पोलीस आणि मत्स्यविभाग यांना पत्रं आधी द्या, आदल्या दिवशी नाही.

विजयदुर्ग, सिंधुदुर्ग, सुवर्णदुर्ग ही केंद्रीय पुरातत्त्व खात्याची संरक्षित स्मारकं. तिथे मांडव, ड्रोन, रोषणाई, सूर्यास्तानंतरचा कार्यक्रम असलं काही परवानगीशिवाय सुचवूही नका. तुम्ही गावच्या बंदरावरच करताय हे बरं. फटाक्यांवर काट मारा. धक्क्यावर डिझेलची पिंपं असतात.

भांगउधाण

कारकूनसायबांक माझो नमस्कार. आणखी एक. हंगामात एक दिवस होडी बंद ठेवली तर खलाशांचो दिवस बुडता. मंडळान तेचो विचार करूक व्हयो. डिझेल तरी देवा. फुकटात सजवून आणा म्हटलास तर पाच होड्ये येतले, त्यातले तीन सरपंचाच्या भावाचे. आणि पर्ससीनवाल्याचो (यांत्रिक बोटीन मोठी जाळी मारणाऱ्याचो) फलक मिरवणुकीत लावलास तर रापणवाले, किनाऱ्यावरसून जाळा ओढणारे, येवचे नाय, ह्या आधीच ध्यानात घेवा.

गिर्ये_गोदी

एक अवघड प्रश्न मांडतो. आमच्या भागात सागरी इतिहास सांगायचा तर १७५६ सांगावाच लागतो. फेब्रुवारीत इंग्रजांचे वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गावर आले आणि आंग्र्यांचं आरमार बंदरातच जळून गेलं. त्या वेळी जमिनीवरून तुळाजी आंग्र्यांना घेरायला पेशव्यांचं सैन्य होतं. इंग्रज आणि पेशवे एका बाजूला होते. आम्ही एकदा नाटकात हे घ्यायचं ठरवलं, तर तालमीलाच भांडण झालं आणि प्रसंग कापला गेला.

दुर्गवेडा

कापलाच पाहिजे. उत्सवात आपलीच भांडणं कशाला उगाळायची? कान्होजींपर्यंत दाखवा. १७२१ ला इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर आले आणि हात हलवत परत गेले, तिथे पडदा पाडा. लोक टाळ्या वाजवत घरी जातील.

वीरगळ

आणि मग विजयदुर्गाची पोरं विचारणार, एवढं आरमार होतं तर गेलं कुठे? त्यांना काय सांगणार, वाळवी लागली म्हणून? नाटकात घेऊ नका हवं तर, नाटकाला खलनायक लागतो आणि इथे तुळाजीही खलनायक नाही, नानासाहेबही सरळसोट नाहीत. तुळाजी कोणालाच जुमानत नव्हता, पेशव्यांच्या माणसांनाही त्रास होता. पेशव्यांना एका सरदाराला वठणीवर आणायचं होतं, इंग्रजांना पश्चिम किनाऱ्यावरचं हे बलाढ्य आरमार संपवायचं होतं. दोघांची गरज त्या महिन्यापुरती जुळली. हे व्याख्यानात सांगा, नंतर प्रश्नांना तासभर ठेवा आणि माइक लोकांकडे द्या.

दुर्गवेडा

माइक लोकांकडे दिलात तर दुसऱ्या दिवशीचा कार्यक्रम पोलीस ठाण्यात होईल. लिहून ठेवा.

खाडीकाठ

काल रात्री मंडळाची बैठक झाली, इथले प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवले. ‘मालवणी जेवणाचे स्टॉल’ सोडून मूळ यादीतलं जवळपास काहीच उरलेलं नाही. ढोल-ताशावरून थोडी गरमागरमी झाली. शेवटी पथक उद्घाटनापुरतं ठेवलंय.

ठरलेलं असं. जत्रेनंतर जी शुद्ध पंचमी येईल तो मुख्य दिवस. समितीत गाबीतवाडीतले तिघे, त्यात दोन बायका, आणि खाडीपलीकडच्या मोहल्ल्यातले एक चाचा. मिरवणुकीत होड्यांवर फक्त त्यांचे स्वतःचे खलाशी, डिझेल मंडळाचं. बाकीच्यांनी धक्क्यावरून बघायचं, आमदारांनीसुद्धा (हे त्यांना सांगायचं काम अजून कोणी घेतलेलं नाही). दिवसभर होडी-दुरुस्ती. मिस्त्री शोधतोय, सुतारपक्षी, तुमच्या ओळखीत कोणी असेल तर निरोपातून कळवा. शाळेत गुराब-गलबताचं काम दिवाळीच्या सुट्टीनंतर सुरू करतील, मास्तरांनी होकार दिलाय. खडकांचा नकाशा तर आत्ताच भांडणात सापडलाय, कारण एकाच खडकाला दोन वाड्यांनी दोन नावं दिलीत. दोन्ही लिहिणार.

‘रामदास’साठी वेळ ठेवली आहे. १७५६ वर मतदान झालं आणि बरोबरीत सुटलं, तो विषय पुढच्या बैठकीत.

आता एक मदत हवी. जुन्या बोटीच्या आणि गलबतांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करायच्या आहेत. गावातली सात-आठ माणसं आहेत, बाकीची मुंबईला लेकांकडे. त्यांच्यापर्यंत कसं पोचायचं?

वीरगळ

रेकॉर्डर समोर ठेवून ‘तुमच्या आठवणी सांगा’ असं म्हणू नका, माणसं भाषण करायला लागतात. हातात वस्तू द्या. दोरी, वल्हं, जुना फोटो, काहीही. ‘ह्याला तुम्ही काय म्हणायचात’ इथून सुरुवात करा. आणि घरातल्या बाईला त्याच खोलीत बसू द्या. तीच अधूनमधून दुरुस्त करते आणि बऱ्याचदा खरी गोष्ट तीच सांगते. रेकॉर्डिंगच्या दोन प्रती करा, एक शाळेत ठेवा.

बोटप्रवासी

माझे एक मामा विरारला असतात. देवगडच्या पडावांवर होते, नंतर गोदीत लागले. कान गेलेत, तेव्हा फोनवर काही जमणार नाही, प्रत्यक्षच यावं लागेल. सकाळी नऊच्या आत या, नंतर ते झोपतात. येताना कोणी मालवणी बोलणारा पोरगा बरोबर आणा, माझ्याशी ते फक्त औषधांबद्दल बोलतात. पत्ता निरोपातून पाठवतो.